चौथं चाक

ये, बस. दार लोटून घे. नंबर तपासायला अंधार लागतो, त्याला इलाज नाही. हनुवटी या पट्टीवर टेकव आणि समोरच्या दिव्याकडे बघ. माझ्याकडे नको, माझं तोंड बघून आजवर कुणाचा नंबर उतरलेला नाही.

शर्यतीसाठी चष्मा हवाय म्हणालास. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं, पुढचं चाक दिसत नाही. देतो करून. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहणाऱ्या माणसाला सुट्टीत असलं काहीतरी हवंच. मीही त्यासाठीच सायकलीवर बसलो होतो. आठवडाभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं आणि शनिवार-रविवार समोरच्याच्या पाठीकडे. कुठल्या टीमकडून म्हणालास?

वकिलांच्या?

अस्सं. मग पिशवीतून निळं डोकावतंय ती जर्सी त्यांचीच. काढ बघू बाहेर. पाठ दाखव... अजून छापतोय हा माणूस! वीतभर अक्षरांत ‘जा!’, आणि पुढे उद्गारचिन्ह. मनाची नाही तर निदान जनाची तरी असावी की नाही?

माफ कर. तू दिव्याकडेच बघ. माझा आवाज चढतो, बायको म्हणते हल्ली रस्त्यापर्यंत ऐकू जातो. पण तू त्यांच्यात पाचवा म्हणून चाललायस, म्हणजे तुला हे ऐकावंच लागेल. वकिलांनी त्यांची बाजू सांगितली असेलच, बोलण्याचंच खातात ते. आता माझी ऐक. मधे बोलू नकोस, हनुवटी हलते.

सांघिक शर्यत तुला ठाऊक आहे. शनिवारी सकाळी ती, रविवारी लांब पल्ल्याची. पाच जण एका रांगेत, चाकामागे चाक. पुढचा वारा कापणार, बाकीचे त्याच्या आडोशाला. पुढच्याचा दम संपत आला की तो कोपर हलवतो, बाजूला होतो आणि मागे मागे सरकत येतो. मान वळवून बघायचं नाही, मान वळली की सायकल वळते. म्हणून रांगेतला शेवटचा माणूस त्याला सांगतो, “शेवटचा!” म्हणजे माझ्यामागे कुणी नाही, इथे शिर. दुसरा नियम असा की मागून जे ऐकू येईल ते आपल्या पुढच्याला ओरडून सांगायचं, त्याने त्याच्या पुढच्याला. वाऱ्यात मागचा आवाज पहिल्यापर्यंत पोचत नाही. आणि ज्याला आता झेपत नाही त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, “जा!” तो म्हणेपर्यंत त्याला सोडायचं नाही. घड्याळ थांबतं ते चौथ्या चाकावर. पाचातला एक गळला तरी चालतं. चालतं म्हणूनच तर सगळा घोळ झाला.

तेव्हा आम्ही पाच होतो. वकील कप्तान. गुरांचा डॉक्टर, जो माणसांशीही गुरांसारखाच बोलतो. बेकरीवाला, अंगाने असा दणकट की त्याच्यामागे सायकल लावली की भिंतीआड बसल्यासारखं वाटतं. मी, मला सगळे चष्मे म्हणतात. आणि पोस्टमन. तो खरोखरच पोस्टमन होता, आठवडाभर सायकलवरून टपाल वाटायचा आणि सुट्टीत आमच्याबरोबर पुन्हा सायकल. “कंटाळा येत नाही का रे?” म्हणून विचारलं तर म्हणायचा, “सुट्टीत पिशवी नसते ना.” गुडघ्यांना बाम चोळल्याशिवाय तो निघायचा नाही. पिवळ्या डबीतला तो उग्र बाम, तू विकत असशील. रांगेत तो पुढे असला की आमची नाकं झोंबायची. त्याचं मागचं चाकही जुनं होतं, पायडल मारणं थांबवलं की मोठ्याने टिकटिक टिकटिक करायचं. पोस्टमन कुठे आहे हे मान न वळवता कळायचं.

धरणाची भिंत संपली की रस्ता डोंगर कापून नेलाय, तू सराव केला असशील तिथे. दोन्हीकडे ओला दगड, मधे एक मोरी, आणि दहा वाजेपर्यंत ऊन नाही. दोन वर्षांपूर्वी त्या खिंडीत पोस्टमन मागे राहिला. वकील सांगतात, तो “जा!” म्हणाला, टीमसाठी मागे राहिला. आम्ही गेलो. सहा सेकंदांच्या फरकाने तिसरे आलो. कपडे बदलले, चहा घेतला, एकमेकांची चेष्टा केली. दीड तासाने कुणीतरी म्हणालं, पोस्टमन कुठंय?

मोरीच्या कठड्याला टेकून बसलेला सापडला. सायकल नीट बाजूला उभी करून ठेवलेली, पत्र टाकायला उतरल्यासारखी. हृदय बंद पडलं होतं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वीस-पंचवीस मिनिटांत कुणी पोचलं असतं तर माणूस हाती लागला असता.

तू विचार कर. अख्ख्या शर्यतीला एक ॲम्ब्युलन्स, आणि ती कुठे उभी? बक्षिसाच्या मांडवाशेजारी! कारण फोटोत बरी दिसते. आयोजकांना जाब विचारायला गेलो तर म्हणाले, अर्जावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही आहे. चोर तो चोर वर शिरजोर.

आणि मग वकिलांनी जे सुरू केलं! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. जिवंत होता तेव्हा “तू हळू आहेस, पाचवाच राहा” म्हणून ज्याला सगळ्यांसमोर बोलायचे, त्याच्या शोकसभेत हेच गृहस्थ रुमाल घेऊन उभे. त्याग काय, संघभावना काय, आणि म्हणे त्याच्या ओठांवरचा अखेरचा शब्द! पुढल्याच महिन्यात स्मृतिचषक जाहीर झाला. मग जर्सी. एका माणसाच्या मरणाची तुम्ही जाहिरात करता?

हां, पापणी मिटू नकोस. उजवा डोळा ठीक आहे.

पोस्टमनला एक मोठी बहीण आहे. लग्न केलं नाही, भावालाच वाढवलं, दवाखान्यात नर्स आहे. शोकसभेनंतर ती इथे आली. तू बसलायस त्याच खुर्चीत बसली, हाच दिवा. जवळचं वाचता येत नाही म्हणाली. मी भिंगं बदलत होतो आणि ती मधेच हळूच म्हणाली, “चष्मे, एक विचारू? माझा भाऊ ‘जा’ म्हणणाऱ्यातला नव्हता हो. शाळेत जाताना मी पुढे पळायचे तर मागून ओरडत यायचा, थांब ना ताई, थांब ना... मोठा झाला तरी तेच. तुम्ही त्याच्या अगदी पुढे होतात. तो खरंच तसं म्हणाला?”

मी म्हटलं, “हो ताई. स्पष्ट म्हणाला.”

“बरं,” ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, “मग मला झोप का लागत नाही?”

याचं उत्तर माझ्याकडच्या कुठल्या भिंगात असणार? मी तिला वाचायचा चष्मा करून दिला.

त्या संध्याकाळपासून दुकानात वास यायला लागला. बामचा. आधी वाटलं कुणी गिऱ्हाईक लावून आलं असेल. मग भिंगांच्या डब्यांतून येऊ लागला, पुसायच्या फडक्यांतून, माझ्या शर्टातून. बायकोशी भांडलो, म्हटलं तूच काहीतरी चोळतेस आणि कपड्यांत ठेवतेस. ती म्हणाली, “माझं सोडा, तुमच्या उशीला येतो तो वास, माझ्या नाही.” मग झाडूवालीवर ओरडलो, ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. वर्षभर मी नुसता चिडलेला होतो. वकिलांवर, आयोजकांवर, बायकोवर. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधणं हा तर माझा धंदाच आहे.

गेल्या वर्षी वकिलांना पाचवा मिळाला नाही. कोण येणार? चौघंच उतरलो. चौघं म्हणजे कुणालाच गळायची मुभा नाही, तीन चाकांना वेळच मिळत नाही. आदल्या दिवशी शाळेच्या एका वर्गात आमची सोय केली होती. बाकं भिंतीला लावून खाली गाद्या टाकलेल्या, फळ्यावर कुणाचं तरी अर्धं गणित. तिथे वकिलांनी जर्सी वाटल्या. मी म्हटलं, “मी हे घालणार नाही.” ते म्हणाले, “अरे, त्याच्यासाठी घाल.” वर मोबाइलमध्ये पोस्टमनच्या बहिणीबरोबरचा फोटो दाखवला. ती म्हणे झेंडा घेऊन उभी राहायला तयार झालीय, खिंडीच्या पुढच्या वळणावर. “बघ, केवढं मोठं मन!” मला इतका संताप आला! तिथे उभं राहायचं तिने स्वतः मागून घेतलं होतं, त्या जागी पुन्हा कुणी एकटं राहू नये म्हणून. आणि हे तिच्याबरोबर फोटो काढतात.

पण जर्सी घातली मी. माझाही ताठा तेवढ्यापुरताच.

सकाळी आठला निघालो. धरणावर धुकं होतं, रस्ता पुढच्या दोन चाकांपुरताच दिसत होता. वकील, गुरांचा डॉक्टर, बेकरीवाला, मी. पाय चांगले लागले होते. दहा-बारा किलोमीटर सगळं घड्याळासारखं. पुढे जायचं, वारा घ्यायचा, कोपर हलवायचं, मागे सरकायचं.

धरणाच्या भिंतीवर माझी पाळी झाली. बाजूला झालो आणि मागे यायला लागलो. वकील गेले, डॉक्टर गेला, बेकरीवाला आला आणि धापा टाकत म्हणाला, “शेवटचा!”

मी शिरायला हँडल वळवलं, आणि त्याच्यामागून आवाज आला. हळू, सवयीने म्हणावं तसा.

“शेवटचा...”

मी दचकून बेकरीवाल्याच्या मागे शिरलो. शिरताना वाटलं, कुणाच्या तरी जागेत घुसतोय. मग वाटलं, प्रतिध्वनी असेल. भिंतीवर पाणी आहे, धुकं आहे. पण प्रतिध्वनी काय एकदाच येतो? पाठीमागे टिकटिक टिकटिक ऐकू येत होती. आणि नाक झोंबायला लागलं.

तुला सांगतो, मला भीती नाही वाटली. राग आला. वाटलं, वकिलांनीच काहीतरी नाटक केलंय, कुणालातरी जुन्या सायकलवर बसवून मागे लावलंय, पुढे मांडवात टाळ्या घ्यायला. मान मात्र वळवली नाही. नियम.

पुढची पाळी खिंडीच्या तोंडाशी झाली. मी बाजूला झालो. दगडांमधे आलो की बाहेरचा वारा पडतो आणि आवाज मोठे होतात, चार साखळ्यांचा आवाज, चार माणसांचे श्वास. मी मोजायला नको होते, पण मोजले. पाच होते.

“शेवटचा!” बेकरीवाला.

“शेवटचा...” त्याच्यामागून.

आणि इथे मी ती चूक केली. तू सायकलवाला आहेस, तुलाच कळेल. वर्षानुवर्षं तो शब्द ऐकला की हात आपोआप चालतो. मी बेकरीवाल्यामागची जागा सोडून दिली, आणखी एका सायकलीइतका मागे सरकलो, आणि मग शिरलो. डोळ्यांसमोर बेकरीवाला होता, दूर. मधे मोकळा रस्ता. तिथे मला वेगाचा वारा लागायला हवा होता की नाही? सपकन तोंडावर यायला हवा होता. पण नाही. मी आडोशाला होतो. समोर कुणी नव्हतं आणि मी कुणाच्या तरी पाठीआड होतो. बामचा वास इतका, की डोळ्यांत पाणी आलं.

मोरी दिसली. पायडल जरा जोरात मारलं गेलं असेल. माझ्या पुढच्या चाकाला काहीतरी घासलं. रबराला रबर घासतं तो आवाज चुकत नाही. चाकाला चाक लागलं की मागचाच पडतो.

खांदा खाली आला आणि कट्ट झालं. मोरीच्या कठड्याला पाठ लागली. श्वास येईना. जेवढा आला तेवढ्यात ओरडलो, “थांब रे!”

बेकरीवाल्याची पाठ तशीच चाललेली. पुन्हा ओरडलो, “थांब रे...” दुसऱ्यांदा आवाज हळू येतो. जोर पहिल्यातच गेलेला असतो. धुक्यात निळ्या पाठीवरचं ते ‘जा!’ लहान लहान होत गेलं, आणि त्याच्यामागे टिकटिक.

आता डावा डोळा. नको, राहू दे, आधी हे ऐक. एवढा वेळ वकिलांना शिव्या देतोय मी, तर आता खरं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी चौथा होतो आणि पोस्टमन माझ्यामागे होता. त्याच मोरीपाशी तो म्हणाला, “चष्मे, थांब रे.” मी ऐकलं. मला वाटलं, आता जर पुढे सांगितलं तर वकील थांबतील, आणि आम्ही सेकंदांच्या हिशोबात होतो. तो पुन्हा म्हणाला. दुसऱ्यांदा हळू. टिकटिक थांबली. पुढून बेकरीवाल्याने विचारलं, “पोस्टमन कुठंय?” आणि मी म्हटलं, “जा म्हणाला.”

तीन शब्दसुद्धा नव्हेत. वकिलांनी ते बनवलेले नाहीत. मी दिले, त्यांनी छापले. वर्षभर ज्या शब्दांवर मी खवळत होतो ते माझेच होते. मी नाही त्यातली अन् कडी लावा आतली!

मी कठड्याला टेकून तिथे पडलो होतो, आणि थंडी वाजत होती. वाटलं, दीड तास. त्याला दीड तास असंच बसावं लागलं असेल. तेवढ्यात धावत येणारी पावलं वाजली. पोस्टमनची बहीण. झेंडा अजून हातात, शिट्टी गळ्यात. आली ती थेट गुडघ्यांवर बसली, माझी नाडी धरली.

“खांदा गेलाय. हलू नका. ॲम्ब्युलन्सला फोन केलाय.”

“तुम्हाला... कसं कळलं?”

“तुमच्यातला शेवटचा सांगून गेला. थांबला नाही, पण अगदी कानाशी येऊन बोलला. ‘चष्मे मोरीपाशी पडलाय, थांब म्हणतोय.’” तिची बोटं माझ्या मनगटावर होती, ती घट्ट झाली. “चष्मे, यंदा तुम्ही चौघंच ना?”

“हो.”

“आणि तुम्ही इथे आहात. मग माझ्यासमोरून चार गेले, ते कसे?”

मी विचारलं, “चेहरा...?”

“पाठ दिसली. तिघांच्या पाठीवर ते लिहिलेलं होतं. चौथ्याची पाठ कोरी होती.” तिने हवेचा वास घेतला. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेपुढे मला खोटं बोलता येईना.

सगळं सांगितलं. ती ऐकत होती, नाडी धरूनच.

“दोनदा म्हणाला?”

“दोनदा.”

“दुसऱ्यांदा हळू?”

“हो ताई.”

दगडांतून पाणी ठिबकत होतं. मग म्हणाली, “वीस मिनिटं. मी नर्स आहे हो. वीस मिनिटांत काय काय करता येतं ते मला पाठ आहे.” तिने रस्त्याकडे बघितलं. “तुम्हाला इथेच टाकून निघून जावंसं वाटतंय मला. आत्ता. पण मी जाणार नाही.”

आणि ती गेली नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझ्या डोक्याखाली तो झेंडा गुंडाळून ठेवून बसली. मला कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

प्रथमोपचाराच्या खोलीत हात गळ्यात बांधून पडलो होतो, तर बाहेर ढोल वाजवल्यासारखा आरडाओरडा. आम्ही पहिले आलो होतो! वकील आत आले, कपाळावर हात ठेवून म्हणाले, “जिंकलो रे!” मी म्हटलं, “तीन चाकांना वेळ मिळते का वकीलसाहेब? चौथा कोण आला?” ते म्हणाले, “घड्याळात आहे म्हणजे आहे. तू त्यात पडू नकोस.” वेळ लिहिणाऱ्या बाईंना मी नंतर स्वतः विचारलं. त्या खवळल्या. म्हणाल्या, “मी तीस वर्षं चाकं मोजतेय. चार मोजली. चौथ्याचं चाक टिकटिक करत होतं, तेल घाला म्हणावं त्याला.”

वकील गेल्यावर बेकरीवाला आला. दार लावून घेतलं, खुर्चीच्या टोकाला बसला.

“चष्मे... मागून कुणीतरी मला म्हणालं, ‘चष्मे थांब म्हणतोय, पुढे सांग.’ मी ऐकलं.”

“मग?”

“वकिलांनी पुढून विचारलं, काय झालं. आणि... तोंडातून निघून गेलं रे. ‘जा म्हणाला.’”

मी उठून बसलो. खांद्यात कळ गेली, पण त्याची गचांडी धरायला दुसरा हात होता. “अरे नालायका! चौघांतला एक सोडलास तर वेळच मिळत नाही, एवढीही अक्कल नाही?”

“मागे चौथा होता ना,” तो पुटपुटला. “टिकटिक येत होती. मला वाटलं, आहेत चार. भागतंय.”

माझा हात गळून पडला. कुठल्या तोंडाने शिव्या देणार? ‘भागतंय’ म्हणूनच तर मीही गेलो होतो. तो हात जोडून म्हणाला, माझं नाव कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, मी माझं सांगेन. तुझं तू सांग.

रविवारी बक्षिसाच्या मांडवात मी माइक हिसकावून घेतला आणि माझं सांगितलं. पोस्टमन ‘जा’ म्हणाला नाही, ‘थांब’ म्हणाला, मी ऐकलं, मी पुढे सांगितलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, देवाची कृपा. पोस्टमनची बहीण मागे उभी होती. ऐकून झाल्यावर तिला द्यायचा ठरलेला स्मृतिचषक न घेता चालत निघून गेली. वकिलांनी मला टीममधून काढलं, माझ्या जागी नवा माणूस घेतला आणि सगळ्यांना कळवलं, की अपघाताने चष्मेंच्या डोक्यावर परिणाम झालाय. वर काय लिहिलं माहितीये? की यंदा जखमी होऊनही चष्मेंनी टीमला ‘जा’ म्हटलं, ही आपली परंपरा! म्हणजे मीही तुझ्या जर्सीवर आहे. मारावं की नाही असल्या माणसाला?

पण त्या रविवारी घरी आलो आणि बायको म्हणाली, उशीचा वास गेला. दुकानातलाही गेला. तू औषधवाला आहेस, तुझं नाक तयार असेल. हुंगून बघ. येतोय? नाही ना?

काल बेकरीवाला आला होता. वाळलाय. म्हणाला, “चष्मे, गिऱ्हाइकं पाव परत आणून टाकतायत. पावाला बामचा वास येतो म्हणतात. भट्टी दोनदा धुतली, पीठ बदललं.” मी म्हटलं, भट्टी कसली धुतोस, पोस्टमनच्या बहिणीकडे जा, वकिलांकडे जा, जे केलंस ते सांग. म्हणाला, “सांगतो. या शनिवारची शर्यत होऊ दे.” धापा टाकत होता, दुकानाच्या दोन पायऱ्या चढून. छातीवर हात होता.

यंदा वकिलांनी त्याला शेवटी ठेवलंय, दम राहिला नाही म्हणून. आणि रांगेत चौथा तू. म्हणजे त्याच्या पुढे.

डावाही ठीक आहे, हनुवटी उचल आता. चष्मा शुक्रवारी मिळेल, जर्सी उलटी घालता आली तर घाल. शनिवारी खिंडीत ‘शेवटचा’ दोनदा ऐकू आलं तर मान वळवू नकोस, आणि माझ्यासारखी जागाही सोडू नकोस. फक्त एवढं कर. मागून कुणी ‘थांब’ म्हणालं, तर कोण म्हणतंय ते बघत बसू नकोस, घसा फाटेपर्यंत पुढे ओरडून सांग. आणि पहिल्यांदाच सांग. दुसऱ्यांदा आवाज हळू येतो.